दांडी खट् वाजत नाही म्हणून

अड्याळ. दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ.

रागातच लिहून राहिली. अक्षर कसंही येवो.

मी चार दिवस पोरीकडे काय गेली, माझ्या लहान भावानं बाबांची शर्यतीची सायकल पूजेसाठी दुरुस्त करून आणली म्हणे. झेंडूचा हार आहे, हळदकुंकू आहे. गिअरची दांडी नाही!

"ताई, ते तर बिघडलीच होती. पोराच्या सायकलीवानी खट् वाजतच नव्हती. काढून टाकली. आता एकच गिअर, झंझटच नाही."

अरे, बिघडली नव्हती! त्या काळच्या दांडीले खटके नसतातच. हळूहळू सरकवायची, साखळी नीट बसली का ते कानानं ओळखायचं. पवनीच्या रस्त्यावर बाबा मागून ओरडत, "खाली पाहू नको, आइक!" बाबांनंतर ती सायकल माझी. रोज मीच चालवते. मग मले विचारलं काहून नाही? एक फोन होत नव्हता?

दांडी कुठं आहे म्हटलं, तर मोठ्या कौतुकानं बकऱ्यांच्या कोठ्याकडे घेऊन गेला. दाराले कडी म्हणून लावली! "पाह्य ना ताई, जिथं फिरवली तिथंच थांबते."

थांबणारच. त्यासाठीच तर बनवली होती.

बाबांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली दांडी, अन् बकऱ्यांची कडी?

तो जेवायला बसला तेव्हा मी पाना घेऊन गेली अन् काढून आणली. इथं, वहीच्या या पानावरच ठेवली आहे. कोठ्याचं दार नुसतं लोटलेलं आहे. बकऱ्या सुटल्या तर सुटू दे. जाईल तो त्यांच्यामागं, एकाच गिअरवर.