खिंडीतले दगड

३ ऑगस्ट २०२२, अल रय्यान
पोचलो एकदाचा कतारला! गोडाऊनला झकास एसी, साहेबही आपलाच, नाशिकचा संजीव. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी प्रदर्शन आहे. त्यात सरहद्दीवरच्या झरगूल प्रांताचं तीस फुटी मॉडेल मी करायचं. सात दऱ्या, बर्फाचे डोंगर आणि बाहेर पडायला एकच खिंड. लहानपणी दिवाळीत किल्ले करायचो, त्याचाच हा बाप. पंचवीस तारखेचं परतीचं तिकीट हातात आहे. महिनाअखेरीस कोमलचे दिवस भरतायत. बाळाच्या आधी घरी येतो, असा शब्द देऊन आलोय तिला.

९ ऑगस्ट
मूळच्या त्या प्रांतातल्या ताहेरुन्निसा बाई मॉडेल तपासायला आल्या. मेंढपाळांची घरं कुठं, अंथरायचे लोकरीचे नमदे कुठं वाळतात, सगळं बोट ठेवून दाखवलं. मग खिंडीची रीत सांगितली. परदेशी निघालेला माणूस आपलं नाव घेऊन तिथल्या राशीत दगड ठेवतो. परतला की तोच दगड उचलतो आणि मगच गावात उतरतो. आयोजकांनी हौसेनं त्या राशीतले खरेच दगड पेटीभर उचलून आणलेत. बाईंचा जीव तुटत होता. नुसते ठेव, चिकटवू नको, परत न्यायचेत, असं दोनदा बजावलं त्यांनी.

१३ ऑगस्ट
चिकटवले! आमच्या धंद्यात सुटं काही ठेवत नाहीत, पब्लिक खिशात घालतं. गंमत म्हणून आवारातला एक खडा घेतला, 'धनाजी' म्हणालो आणि तोही चिकटवून टाकला. संजीवसाहेब म्हणाले, यल्ला, चला, आता रंग मारा.

१७ ऑगस्ट
घरांपुढं चिकटवलेली इवली माणसं आज खिंडीत सापडली. सगळी राशीकडं तोंड करून. कुणाचा तरी चावटपणा म्हणून परत जागेवर लावली. जेवून आलो तर पुन्हा खिंडीत. आयला, गोडाऊनची किल्ली माझ्याच खिशात होती.

२० ऑगस्ट
बाईंचा फोन. रडत होत्या. त्यांचा भाऊ इथून सुट्टीवर गेलाय. तीन दिवस खिंडीत उभा आहे. गावाला खालून दिसतो, वर जावं तर कुणीच नाही. दगड चिकटवलेस का, विचारलं. नाही म्हणालो. फार शरम वाटतेय.

२२ ऑगस्ट
छिन्नीनं एकेक दगड सोडवला. सगळे सलामत. माझ्या खड्याचा मात्र भुगा झाला.
बाई म्हणाल्या, भाऊ घरी आला, जेवायला बसलाय. मी खड्याचं सांगितलं — मग परतल्यावर तू काय उचलशील, एवढंच म्हणाल्या. फोन ठेवला.

२६ ऑगस्ट
आमच्या गावच्या खिंडीत जीपमधून उतरलो. खाली आमचं घर — पाय उचलत नाही.

२७
कोमल अंगणातून हात करते. शेजारचे पोपटराव वर आले, हाका मारत अगदी जवळून — ओरडलो मी. किती ओरडलो —

२८
तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. माझ्यासमोरून. देवा, एवढं सुखरूप होऊ दे.

३१
जीप आली. थांबली. कोमल बाळ घेऊन उतरली — हातभर अंतरावर. अहो, अहो म्हणतेय. इकडं तिकडं बघतेय. बाळाचं टोपडं सरकलंय, पाऊस लागतोय त्याला — कोमल, टोपडं नीट कर गं, टोप—