एजेला दोनदा रडायला लावल्याबद्दल

मी, इदिरिस जोलचूयेव, वय ७१, धंदा छायाचित्रकार, राहणार नारीन, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके शाबूत आहे.

१. वीस वर्षे मी आमचे पुढारी काद्रालीयेव साहेब यांचे फोटो काढले. त्यांच्या गाडीत, जेवणाच्या खोलीत, अगदी कवळी काढून बसले असतानाही मला मज्जाव नव्हता. तसले फोटो जाळून टाकावेत. विकत मागायला कोणी आल्यास हाकलून द्यावे.

२. माझा जुना कॅमेरा शेजारी दुइशेन यास द्यावा. बाबा रे, यात बघायची खिडकी वेगळी असते, लेन्सवर झाकण राहिले तरी कळत नाही. माझे वाटोळे त्यानेच झाले.

३. हे कलम कायद्याला नको असेल, मला हवे आहे. माझी थोरली बहीण उलकान, आमच्या बोलीत एजे, हिचा मुलगा एमिल घाटातला बर्फ काढताना हिमकड्याखाली गाडला गेला. नोटरीबाई परगावच्या, म्हणून सांगतो: आमच्यात दुखवट्याला येणारा पुरुष रस्त्यापासूनच मोठ्याने रडत येतो, आणि तो आवाज ऐकून दारात उभारलेल्या दुखवट्याच्या तंबूतल्या बायका शोकगीत धरतात. साहेब तसे आले. खरेच रडले, नाक वाहत होते. मीही रडत होतो. भराभर कळ दाबत गेलो आणि मग झाकण दिसले.

"साहेब, परत एकदा याल का? फोटो आला नाही."

"अरे, काय माणूस आहेस तू!" म्हणाले. तरी रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "हात वर घेऊ, का छातीवर ठेवू?"

पुन्हा रडत आले. आत उलकान एजेला वाटले, दुसरे कोणी आले. तिने पहिल्यापासून गायला सुरुवात केली. मग पडदा सारून तिने बाहेर पाहिले.

"झाला का फोटो, इदिरिस? का अजून एकदा मारायचाय माझ्या पोराला?"

त्याला अठरा वर्षे झाली. ती माझ्याशी बोललेली नाही.

४. त्या फोटोवर साहेब निवडणूक जिंकले आणि मला हे राहते घर मिळाले. एमिलच्या मरणावर मिळालेले घर, ते भांड्याकुंड्यांसह त्याच्या आईचे. फोटोची निगेटिव्हही तिचीच. तिने चुलीत घातली तरी कोणी बोलायचे नाही. साहेबांच्या कचेरीला ती मुळीच देऊ नये.

५. साहेबांनी परवा निरोप धाडला: "इदिरिस, तुझ्या दारात मी रडत येणार, आणि या खेपेला झाकण मी स्वतः बघणार." थट्टाच केली म्हातार्‍याने, पण मी हे कलम घालून ठेवतो. त्यांनी यावे, रडावे, जेवून जावे. कॅमेरा मात्र कोणाचाही असो, फाटकावर काढून घ्यावा. दुइशेन, तुझासुद्धा.

६. एजेला कळवावे, आग्रह करू नये. एजे, मी चुकलो. तेव्हाच तुझ्यासमोर यायला हवे होते, माझी छाती झाली नाही. ती न आल्यास तिला कोणी नावे ठेवू नयेत. आली आणि तिने माझ्यासाठी गाणे धरले, तर ते संपल्यावर रस्त्यावर माणूस उभा करावा. त्यानंतर जो कोणी येईल, मग साहेब का असेनात, त्याने मुकाट्याने आत यावे. तिला पुन्हा सुरुवात करायला लावू नये.

सही: इदिरिस जोलचूयेव

साक्षीदार: १. शारशेन तोकोयेव, न्हावी २. गुलसून अब्दिलदायेवा, परिचारिका. दोघांनी सही होताना समक्ष पाहिली.

नारीन, ता. ९ ऑक्टोबर २०१९