दत्तारामच्या बायकोच्या पाटल्या

सोमवार, १४ ऑगस्ट २००६

माझ्या भांड्यांच्या कारखान्यातला पॉलिशवाला दत्ताराम आज हॉस्पिटलातून सुटला. गेल्या वर्षी मीही तिथेच होतो. तेच हर्नियाचं ऑपरेशन, तेवढंच बिल. माझं विम्याने भरलं, वर हप्त्यावर टॅक्समध्ये सूट. त्याचं बायकोच्या पाटल्या विकून. एरवी ती डबा घेऊन आली की आधी पाटल्या ऐकू यायच्या. आज तिने सही केली, आवाजच नाही.

काउंटरवाला म्हणतो, "शेठ, सबको सेम रेट. इसमें अन्याय क्या?"

अरे, गणपतीची वर्गणी आम्ही ऐपत बघून घेतो आणि प्रसाद सगळ्यांना सारखा देतो. गल्लीला कळतं ते सरकारला कळू नये?

आणि मला? एजंटने विचारलं होतं, "कामगारांचा पण विमा काढू?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

त्या पाटल्या मीही विकल्या.