वाळूतले टोमॅटो

अल ऐन
१२ मार्च १९६७

प्रिय कुलसुम,

सलाम. तुझं पत्र दुबईहून येणाऱ्या ट्रकवाल्यानं पोचवलं. उत्तराला पंधरा दिवस लागले, रागावू नकोस. तुझा पंपमिस्त्री हल्ली पंपापेक्षा टोमॅटोत जास्त असतो.

साल्वो आणि कार्मेला हे इटालियन नवराबायको दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आले. मूळचे सिसिली बेटावरचे शेतकरी. बरीच वर्षं लिबियात शेती केल्यामुळे साल्वोला मोडकीतोडकी अरबी येते. इथल्या बागा पिढ्यान् पिढ्या खजुराच्या, खाली गुरांसाठी गवत. साल्वोनं त्या गवताशेजारीच टोमॅटो लावले. मी ज्यांचा पंप चालवतो ते म्हातारे सैफचाचा हसून म्हणाले, "हबीबी, वारा सगळं खाईल."

आणि खाल्लंच. गेल्या हिवाळ्यात दोन दिवस वाळूचं वादळ झालं. तिसऱ्या सकाळी वाफेच दिसेनात. कार्मेला मटकन खाली बसली. मला वाटलं, आता रडणार. तर ती बोटांनी वाळू उकरायला लागली, एकेक रोप मोकळं करत. शेजारी साल्वो बसला, मग मीही. सैफचाचा बघत होते. मग गेले आणि पाटाच्या पाण्याची स्वतःची पाळी त्या वाफ्यांकडे वळवून आले. इथे पाण्याची पाळी कुणी कुणाला देत नाही गं!

नंतर साल्वोनं वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचं कुंपण घातलं. ते टिकेना, तेव्हा चाचांनी झावळ्या बांधायची इथली रीत त्याला शिकवली. आज पाच बागांत तशी कुंपणं आहेत, त्यांच्याआड टोमॅटो आहेत. चाचांची सून कार्मेलासारखे टोमॅटो उन्हात वाळवते, आणि कार्मेलाच्या पावात खजूर आलाय.

परवा मी साल्वोला सांगितलं, आमच्या डोंगरउतारावर माती टिकत नाही, पावसात वाहून जाते. त्यानं विचारलं, "दगड आहेत?" म्हटलं, दगडच आहेत. "मग तुझ्याकडे शेत आहे," म्हणाला, आणि त्याच्या गावातले दगडी बांध काठीनं वाळूत काढून दाखवले, पायरीपायरीचे.

तू पाठवलेल्या विक्रीच्या कागदावर म्हणूनच सही केलेली नाही, कुलसुम. आठ वर्षं ती जमीन तू एकटीनं ओढलीस, थकून कागद पाठवलास, ते कळतं मला. जमीन घ्यायला निघालेल्या लियाकतभाईंना सांग, ती विकायची नाही. बकरी ईद झाली की मिळेल त्या बोटीनं येतोय, कायमचा. दगड मी उचलीन. पहिला बांध कुठे घालायचा, ते तू सांग.

तुझाच,
नूरुद्दीन