शिंप्याने काय विचारलं

४ फेब्रुवारी

चि. खारूस, अ. उ. आ.

तुझी, माझी आणि लोकांपुढे पदर पसरणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच: सभेत हात वर होतात, वेळ आली की झटकले जातात. सहा वर्षांपूर्वी तुमच्या संस्थेच्या मूलपेशी-दात्यांच्या नोंदणीसाठी मी ग्रंथालयात दीड तास बोललो. सत्तर जणांनी गालातून कापसाची काडी फिरवून नमुना दिला. पहिला होता आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी. परवा तोच सांगत होता, त्याच्या पेशी कुणाशी तरी जुळल्यात, तो तुम्हाला हो म्हणाला, आणि आता तुमचा फोन वाजला की मशीन जोरात चालवतो. कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय आणि हा काजं करत बसलाय. एकदा गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढणार आहे. तुझी काकू म्हणते, आधी खारूला विचारा. म्हणून विचारतो.

आशीर्वाद न मागताही आहेतच,
काका

८ फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

दाता कोण हे आम्ही कुणाला सांगत नाही, म्हणून शिंप्याबद्दलचं मी वाचलंच नाही असं समजा. काकूला मात्र खास नमस्कार.

रागावू नका, पण तुमच्या सत्तरांपैकी एकतीस जणांचे फोन आता लागत नाहीत. तुम्ही त्यांना पेटवलंत, आम्ही नमुने तपासून नोंदी ठेवल्या, आणि पुढे कुणी साधं ‘कसे आहात’ विचारलं नाही. ही चूक आमची.

आता नीट ऐका. नव्या पेशी देण्याआधी रुग्णाच्या जुन्या पेशी औषधांनी मारतात. त्यानंतर दाता मागे फिरला, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. माझ्या टेबलावर ती औषधं सुरू करायची एक तारीख आहे, चोवीस फेब्रुवारी. त्याआधी मला खरं उत्तर हवं. ‘नाही’ असेल तर नाही, आम्ही दुसरी वाट शोधू. लाजेखातर दिलेलं ‘हो’ सगळ्यात घातक.

जायचंच असेल तर पँट उसवून न्या आणि गप्प बसा. जमेल?

लोभ वाढावा, भाषण आखडावं,
खारू

१३ फेब्रुवारी

चि. खारूस, अ. उ. आ.

जमलं. जीभ चावून चावून दुखतेय.

पाऊण तास स्टुलावर बसलो. शेवटी त्यानंच विचारलं, काका, तब्येत बरी नाही का. म्हटलं, ऐकायला आलोय. मग तो उसवला. पाठीच्या कण्यात सुई घालतात का? दोन्ही हातांत चार तास सुया असतात म्हणे, बोटं बधिर झाली तर दोरा कोण ओवणार? लग्नसराईच्या गर्दीत दुकान किती दिवस बंद? खारू, दीड तासात मी माणुसकी आणली, इतिहास आणला. त्याच्या बोटांबद्दल एक वाक्य नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, मला माहीत नाही. तुमचा नंबर त्याच्याच खडूनं कापायच्या टेबलावर लिहिला.

तो म्हणाला, सगळं ऐकून नाही म्हटलं तर? भाषण घशाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, तरी पँट तुझ्याकडेच टाकीन.

तुझा मुका झालेला
काका

१७ फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

नाव तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही. पण परवा कुणीतरी अर्धा तास प्रश्न विचारले. मी सांगितलं, कण्यात नाही, हाताच्या शिरेतून. बोटांना मुंग्या आल्या तर बहुतेक त्याच दिवशी जातात. दुकान दोनेक दिवस. मग दुसऱ्या दिवशी शांतपणे ‘हो’ आलं. फोन ठेवून मी जरा रडले.

तुमच्या गप्प बसण्याची ऋणी,
खारू

२० ऑक्टोबर

चि. खारूस, अ. उ. आ.

शिंप्यानं आज मला एक पत्र दाखवलं. नावगाव तुम्ही काळ्या शाईनं झाकलेलं. उरलं ते एवढंच: ‘काल जिना न थांबता चढले. वर पोचल्यावर कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला सांगते.’ त्यानं ते खडूच्या डब्यात जपलंय. पँटची शिलाई घेत नाही, वर म्हणतो, त्या दिवशी बोलला असतात तर गेलो नसतो.

त्या एकतीस जणांचे फोन लागत नाहीत, पण पत्ते असतील. माझं नवं भाषण छापून सत्तरच्या सत्तर जणांना पाठव, सोबत उत्तरासाठी कोरं पोस्टकार्ड. भाषण असं:

‘कसे आहात? उशीर झाला, माफ करा. मनात शंका असेल ती आणि तुमचा आताचा फोन नंबर या कार्डावर लिहा, आणि आजच पेटीत टाका.’