वजनाप्रमाणे मात्रा

सोमवार, ता. ४

पोचले एकदाची! गाडीवाल्याने चढ सुरू होताच हात वर केले, पुढची वाट बॅग ओढत चढले, तरी मन खूश आहे. इतकी वर्षं मुलांच्या वॉर्डात एकाच वेळी चाळीस भोंगे ऐकले. आता एकच मूल, स्वतःची खोली, खिडकीबाहेर झाडं आणि आयतं जेवण. चैनच म्हणायची!

पेशंट सहा वर्षांची. सगळे तिला ठमी म्हणतात आणि आहेही ठमीच. आल्या आल्या तिने माझ्या नाकाला बटाटा म्हणून घेतलं. घरात तिची आई आणि आईचा थोरला भाऊ. त्यांना मीही मामाच म्हणायचं ठरलं. ठमीच्या घशात जंतुसंसर्ग आहे, ताप आहे. खालच्या गावातल्या डॉक्टरांनी घशाचा नमुना तपासून मगच अँटिबायोटिक लिहून दिलंय, साध्या सर्दीला उगाच ठोकलेलं नाही. चिठ्ठीवर वजन अठरा किलो, त्याप्रमाणे मात्रा, दिवसातून दोनदा, दहा दिवस.

उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून पावडर मी स्वतः कालवली. आई चहाचा चमचा घेऊन हजर! तिला म्हटलं, चमच्याने जेवण वाढा, औषध मापाच्या पिचकारीनेच. पूर्वी कुठल्या औषधाने पुरळ, सूज, धाप असं काही झालं होतं का, तेही विचारून घेतलं. नाही म्हणाली. गालाच्या कडेने हळूहळू सोडलेलं औषध ठमीने गिळलं आणि हा तर साबण आहे असं जाहीर केलं. आमचं जमणार.

बुधवार, ता. ६

ताप उतरला. ठमीने दोन वाट्या भात खाल्ला आणि तिसरी माझ्या पदरात सांडली.

दुपारी पाहते तर आई औषध एका मोठ्या बरणीत ओतायच्या बेतात. मग या घरची रीत कळली: ताप उतरला की औषध बंद, उरलेलं बरणीत. गुलाबी, पिवळं, पांढरं, कितीतरी आजारपणांचं उरलेलं त्यात एकत्र झालेलं. पुढच्या तापाला त्यातलंच देतो, असं मामांनी वर कौतुकाने सांगितलं. माझं डोकंच फिरलं. आधीच्या सिस्टर काही बोलल्या नाहीत का, विचारलं. म्हणाले, ताप उतरला की त्या निघून जायच्या.

दोघांना समोर बसवून झापलं. औषध अर्ध्यात सोडलं की चिवट जंतू तेवढे मागे राहतात आणि पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. कोर्स पुरा होईपर्यंत या घरातून कुणीही हलायचं नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. जरा नाटकी झालं, पण लागू पडलं. मामांनी पुन्हा विचारलं, कुणीही नाही? मी म्हटलं, कुणीही नाही.

बरणीचं झाकण चिकटपट्टीने बंद केलं. केमिस्टकडे नष्ट करायला द्यायची.

गुरुवार, ता. ७

सकाळी फिरायला निघाले तर फाटकाला कुलूप. मामा म्हणाले, कोर्स पुरा होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हे तुमचंच वाक्य. माझ्याच शब्दांत मला पकडलं! हसले मी. ते हसले नाहीत.

ठमीचं वजन बावीस भरलं. काटा बिघडलेला दिसतो.

शुक्रवार, ता. ८

काटा बिघडलेला नाही. पाच किलोची पिठाची न फोडलेली पिशवी ठेवून पाहिली. बरोबर पाच.

ठमी सव्वीस. आणि दंड असा की माझ्या दोन बोटांच्या कडीत मावतो. ताप नाही, पुरळ नाही, जीभ नेहमीसारखी तिखट. खुर्चीतून उचलायला गेले तर उचलवेना. सहा वर्षांची पोर!

आई मागे उभी राहून सारखी एकच गोष्ट म्हणत होती. वजन वाढलं ना सिस्टर, मग औषधही वाढवा, वजनाप्रमाणे असतं असं तुम्हीच म्हणालात.

डॉक्टरांना फोन करायचा होता. माझ्या मोबाइलला इथे रेंज नाही. घरचा फोन मामांच्या खोलीत, खोलीला आतून कडी. मामा बाहेर येऊन म्हणाले, विचारलं, डॉक्टर म्हणतात वजनाप्रमाणे द्या. खोटं! पोरीला न बघता कुठला डॉक्टर असं सांगेल? आवाराची भिंत उंच आहे, वर काचा लावल्यात. मला भीती वाटते आहे. लिहूनच टाकते, म्हणजे निदान कुणालातरी सांगितल्यासारखं होईल.

रविवार, ता. १०

एकतीस. ठमीच्या खुर्चीचा पाय मोडला.

दुपारी तिच्या छातीला कान लावला. ती श्वास घेते, सोडते. मग ती थांबते आणि आणखी कुणीतरी सोडतं.

तिने माझ्या कानात सांगितलं की ‘तो’ प्रत्येक वेळी लपून बसतो. औषध थांबलं की बाहेर येतो, आधीपेक्षा मोठा. या वेळी थांबलं नाही म्हणून चिडलाय, फुगतोय. मग विचारलं, सिस्टर, तुम्ही थांबणार नाही ना? नाही म्हटलं. रडू आलं, तिच्यासमोरच आलं.

आईने पिचकारी हिसकून काठोकाठ भरली. मी तिचा हात पिरगाळला. तिला ओरडून सांगितलं की काट्यावर दोघं आहेत, ठमी त्यातली फक्त अठरा किलो. त्याच्या वजनाचं औषध या पोरीच्या पोटात गेलं तर काय होईल? कमीही नाही, जास्तही नाही. अठराचं. मीच दिलं. आई जमिनीवर बसून रडत राहिली.

औषध फ्रिजमध्ये आहे, आता त्यालाच पाठ लावून बसले आहे.

मंगळवार, ता. १२

चोवीस! उतरतंय. दंड भरले. नाकाला पुन्हा बटाटा म्हणाली.

बरोबर मात्रा, न चुकता. बस, एवढंच लागत होतं.

फक्त— तो जातोय तर कुठे जातोय? जिना आज माझ्या पायाखाली करकरला. पहिल्यांदाच.

बुधवार, ता. १३

घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. आरशात गालाची हाडं. आणि पलंगाची फळी माझ्या वजनाने—

काट्यावर चढणार नाही. नाही चढणार.

गुरुवार, ता. १४, सकाळ

शेवटची मात्रा दिली. ठमी अठरा. घसा स्वच्छ. मामांनी फाटक उघडलं, आई तिला डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेली. ठमी रडत होती, सिस्टरपण येऊ देत म्हणून. मी धावले. म्हणजे धावायला गेले. पाय उचलेनात. मामांनी फाटक लावलं.

हात धरून मला काट्यावर उभं केलं. आले तेव्हा मी बावन्न होते. काटा शहाण्णववर.

मामा शांतपणे म्हणाले, कोर्स पुरा होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

दुपार

बाटलीच्या तळाशी ठमीचं थोडं उरलंय. तेच मला देणार म्हणतात. वाया कशाला. ओरडून सांगितलं, पोरीचं औषध आहे ते, मला पुरणार नाही, अर्धवट दिलंत तर तो मरणार नाही, आणखी मोठा— ऐकत नाहीत. कडी बाहेरून.

जमिनीवरून उठता येत नाही.

पुन्हा जिन्यावर पावलं. दाराआडून शेवटचं सांगितलं, डॉक्टरांना आणा, पूर्ण मात्रा लिहून घ्या, माझ्या वजनाप्रमाणे. मामांनी विचारलं, किती वजन धरायचं? बावन्न म्हणणार होते. पण हात बघतेय, हाडं नुसती— बावन्न नाही. मग चाळीस? तीस? कडी काढतायत. सांगायला हवं, आत्ता सांगायला हवं, यातली मी किती