नारळ आधी, चावी मंग

गुड्डे,

मी सकाळच्या गाडीनं नागपूरले चाललो. ट्रॅक्टरचं इंजन बांधून झालं, कॅमशाफ्ट अन् टॅपेट नवे टाकले. सुरू मात्र बाबाच करतीन. त्यायले हे मोठ्यानं वाचून दाखवजो:

बाबा, नारळ, उदबत्ती, आरती सगळं आधी उरकून घ्या, मंग चावी द्या. सुरू झाल्या झाल्या रेस वाढवा अन् अर्धा घंटा तशीच धरून ठेवा. लय आवाज येईल, येऊ द्या. नवं आहे म्हणून हळू चालवाल तं कॅमवर तेल उडत नाही, घासून जाते.

बस, एवढंच वाच. खालचं तुह्यासाठी.

मागच्या खेपेस इंजन बांधलं तेव्हा बाबानं आरतीसाठी रेस कमी केली, तिथंच कॅम गेला. त्यायले वाईट वाटू नये म्हणून मीच गावात सांगितलं का माह्या हातून टॅपेट चुकीचे बसले. तेव्हापासून सिहोऱ्यात मले कोणी इंजन देत नाही, म्हणून नागपूर. भांडून नाही गेलो, मायले सांगजो. थकलो फक्त.

इंजन चांगलं चाललं तं बाबा म्हणतीन, "पाहा, ह्या खेपेस मी ध्यान देलं म्हणून चाललं." तू हो म्हणजो.

दादा